समतेचा मुखवटा आणि हिंदूंवरील संशय

अमेरिकेतील राज्य विधिमंडळांच्या निवडणुकांत गेली काही वर्षे उमेदवारांच्या जाहीरनाम्यांत एक शब्द हमखास झळकतो, तो म्हणजे ‘इक्विटी’. वांशिक इक्विटी, आर्थिक इक्विटी! ऐकणाऱ्याला वाटावे, ही तर आपलीच समता. वस्तुतः समता सर्वांना समान संधी व समान कायदा देऊ पाहते. मागे राहिलेल्याला हात देणेही तीत येतेच. ‘इक्विटी’वाद्यांना मात्र निकालच सारखे हवे आहेत. गुलामगिरीचा आणि वंशभेदी कायद्यांचा कलंक अमेरिकेच्या माथी आहे व तो पुसण्याचे दायित्वही त्या समाजाचेच आहे. प्रश्न आहे तो उपायाचा.

सॅन फ्रान्सिस्कोचे उदाहरण पाहावे. वांशिक दरी मिटवण्यासाठी तेथील सरकारी शाळांनी २०१४ साली आठवीच्या वर्गातून बीजगणितच काढून टाकले. मागे पडलेल्या मुलांना अधिक शिकवण्याऐवजी पुढे जाणाऱ्यांना थांबवण्याचा हा अजब न्याय! वरच्या गणितातील वांशिक दरी कायमच राहिल्याचे स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी २०२३ मध्ये दाखवून दिले. ज्यांच्या खिशात पैसे होते त्यांना खासगी शिकवणीची वाट मोकळी होती. गरिबाच्या मुलाने काय करावे? अखेर मार्च २०२४ मध्ये शहरातील मतदारांनी प्रचंड बहुमताने बीजगणित परत आणण्याचा कौल दिला.

याच विचारसरणीचा पुढचा वार हिंदू समाजावर झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सिनेटवर निवडून आलेल्या आयशा वहाब यांनी २०२३ साली ‘एस. बी. ४०३’ हे विधेयक मांडून भेदभावविरोधी कायद्यात ‘जात’ हा शब्द घालण्याचा घाट घातला. सिनेटने ते ३४ विरुद्ध १ मतांनी संमत केले. वंशपरंपरेवरून होणाऱ्या भेदभावाला तेथील कायद्याने आधीच बंदी असताना हा नवा शब्द कशासाठी? ‘जात’ म्हटले की अमेरिकन माणसाच्या डोळ्यांसमोर हिंदूच उभा राहतो. नोकरी देणाऱ्याने हिंदू उमेदवाराकडे प्रथम संशयाने पाहावे, ही कोणती समता?

या संशयाची किंमत काय असते, हे त्याआधीच दिसले होते. २०२० साली कॅलिफोर्निया शासनाच्या यंत्रणेने एका बड्या संगणक कंपनीतील दोन भारतीय अभियंत्यांवर जातिभेदाचा दावा दाखल केला. त्यांची नावे जगभर गाजली. एप्रिल २०२३ मध्ये त्याच यंत्रणेने या दोघांवरील आरोप स्वतःहून मागे घेतले; कंपनीविरुद्धचा दावा तेवढा पुढे ठेवला. त्या दोघांच्या तीन वर्षांच्या मनस्तापाची भरपाई कोणी करावी?

तेथील हिंदू समाज मात्र गप्प बसला नाही. निवेदने दिली गेली, सुनावण्यांना कुटुंबेच्या कुटुंबे उपस्थित राहिली. अखेर ७ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी विद्यमान कायदे पुरेसे असल्याचे सांगून विधेयक नाकारले. संघटित समाजाच्या लोकशाही मार्गाने मिळालेला हा विजय होता.

परंतु या विजयाने कोणी बेसावध होऊ नये. जातिभेद हे पाप आहे, आणि ते सातासमुद्रापार नेणारा कोणी हिंदू असेल तर तो हिंदुत्वाचाच शत्रू होय. बाळासाहेब देवरसांनी १९७४ साली पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत अस्पृश्यतेचे निःसंदिग्ध शब्दांत वाभाडे काढले होते. १९८३ मध्ये पुण्यातच सामाजिक समरसता मंच उभा राहिला, तो याच निष्ठेने. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही त्रयी अविभाज्य असल्याचे बजावले होते. ‘इक्विटी’वाद्यांच्या आराखड्यांत बंधुतेलाच जागा नाही. माणसांचे गट पाडायचे, एका गटाला कायमचा अपराधी व दुसऱ्याला कायमचा पीडित ठरवायचे आणि मग मते मागायची, हा त्यांचा व्यवहार!

म्हणूनच दुहेरी कर्तव्य समोर आहे. समाजावर होणाऱ्या खोट्या आरोपांना पुराव्यानिशी उत्तर द्यावे आणि आरोपाला जागाच उरणार नाही असे समरस जीवन घराघरांत उभे करावे. एका पंगतीत बसणाऱ्या, एका पाणवठ्यावर येणाऱ्या समाजाकडे बोट दाखवण्याची कोणाची प्राज्ञा आहे?