बांगडी, गोटी आणि अभिकेंद्री बल

वर्तुळाकार गती शिकवण्यासाठी लागणारी साधने प्रत्येक घरात असतात, आणि तरीही तिच्याविषयीच्या चुकीच्या कल्पना महाविद्यालयापर्यंत टिकून राहतात. मायकेल मॅक्लॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना गुंडाळलेल्या नळीतून बाहेर पडणाऱ्या गोळीचा मार्ग काढण्यास सांगितले असता अनेकांनी तो वक्र दाखवला. हा अभ्यास १९८० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. याचा अर्थ असा, की सूत्र पाठ असूनही गतीचे चित्र मनात चुकीचे राहू शकते आणि ते बदलण्याचे काम प्रयोगालाच करावे लागते.

त्यासाठी जाडसर बांगडी आणि काचेची गोटी पुरेशी आहे. सपाट टेबलावर बांगडी आडवी ठेवून तिच्या आत गोटी गरगर फिरवावी आणि ती फिरत असतानाच बांगडी अलगद वर उचलावी. गोटी वर्तुळात वळत राहत नाही, केंद्रापासून थेट बाहेरही जात नाही. सुटण्याच्या क्षणी ती जिथे असते, त्या बिंदूपाशी वर्तुळाला केवळ स्पर्श करणाऱ्या सरळ रेषेवरून, म्हणजे स्पर्शिकेवरून, ती निघून जाते. बांगडीची आतली कड तिला क्षणोक्षणी केंद्राकडे ढकलत होती, आणि केंद्राकडे रोखलेल्या याच बलाला अभिकेंद्री बल म्हणतात.

या बलाचे मोजमापही घरातच करता येते. अर्धा मीटर दोरीला बांधलेले खोडरबर सेकंदाला दोन फेऱ्या या गतीने फिरवले, तर त्याच्या वजनाच्या सुमारे आठपट ओढ लागते. फेऱ्यांची संख्या दुप्पट केली, की हीच ओढ चौपट होते. हाताला बाहेरच्या दिशेने जाणवणारा ताण हा दोरीने हातावर लावलेला असतो, खोडरबरावर नव्हे, आणि नेमक्या याच ठिकाणी विद्यार्थ्यांची गल्लत होते. न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त अभिकेंद्री बलाची व्याख्या करताना गोफणीतील दगडाचेच उदाहरण घेतले होते; पाखरे राखणाऱ्या शेतकऱ्याची गोफण पाहिलेल्या मुलांना ते परके वाटणार नाही.

पाण्याची बादली उभ्या वर्तुळात फिरवण्याचा प्रयोग सर्वांत लोकप्रिय असला, तरी तो शेवटी घ्यावा. त्रिज्या एक मीटर असेल, तर सर्वोच्च बिंदूशी पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ३.१ मीटरपेक्षा कमी होऊन चालत नाही. त्या वेगाला पाण्याचे सगळे वजन त्याचा मार्ग वळवण्यातच खर्ची पडते, म्हणून ते बादलीतून सुटत नाही. पाण्याला कोणीतरी वर ढकलते हे स्पष्टीकरण मुलांकडून हमखास येते, आणि बांगडीचा प्रयोग आधी झाला असेल तरच ते खोडता येते.

प्रयोगाचे मोल त्याच्या नवलाईत नसून त्याआधी विचारलेल्या प्रश्नात असते. म्हणून शिक्षकांना आग्रहाची विनंती अशी, की दगडाऐवजी खोडरबर वापरावे, दोरी मोकळ्या मैदानातच फिरवावी, आणि बांगडी उचलण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याकडून गोटीचा अपेक्षित मार्ग वहीत काढून घ्यावा.