आडवाटेवरचा सातबारा

"हा पाऊस नव्हे, ही किरकिर आहे," असं म्हणत आमच्या गटातल्या नगरच्या काकांनी छत्री मिटली आणि पाठपिशवीत कोंबली. रविवारी सकाळी शोर्नडोर्फ स्टेशनाबाहेर आम्ही अकरा जण उभे होतो. स्टुटगार्टहून निघताना आभाळ नुसतं भरलेलं होतं, एस-बान रेम्स नदीच्या खोऱ्यात शिरली आणि थेंब सुरू झाले. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, स्टुटगार्टात सातशेच्या आसपास. तेव्हा पाऊस काय असतो हे आम्हाला कुणी सांगायला नको, असा आमचा तोरा. पण इथला ऑक्टोबरचा पाऊस कोसळत नाही, मुरतो. आधी टोपीत, मग मानेत, दुपारपर्यंत मोज्यांत. संध्याकाळी काकांनीच सर्दीची गोळी मागितली, हे आत्ताच सांगून टाकते.

शोर्नडोर्फ हे गॉटलिब डाइमलरचं जन्मगाव. 1834 सालचा जन्म. त्याच्या नावाशी जोडलेल्या धंद्यावर आमच्यातल्या चौघांची घरं चालतात, त्यामुळे या गावाला हात जोडूनच पुढे जायचं अशी आमची एक बाष्कळ रीत आहे. तिथून वीसलाउफच्या खोऱ्यातली छोटी गाडी पकडून आम्ही रुडर्सबेर्गला उतरलो. आठवडाभर व्हॉट्सअ‍ॅपवर चर्चा झाली होती आणि बहुमताने ठरलं होतं, की या वेळी मळलेली वाट नको. रानात शिरायचं. तरुण मंडळींचा शब्द 'एक्सप्लोअर'. या शब्दाशी माझं भांडण आहे, पण ते नंतर.

रानात असं शिरायला इथे बंदी नाही. 1975 च्या संघीय वनकायद्याने विरंगुळ्यासाठी जंगलात जायला सगळ्यांना मुभा दिली आहे, जबाबदारी मात्र ज्याची त्याची. डोक्यावर फांदी पडली तर ती तुमची. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात सायकलवाल्यांना दोन मीटरहून अरुंद वाटेवर मज्जाव, पायी माणसाला तो नाही. संरक्षित क्षेत्रं आणि नव्या लागवडीची कुंपणं सोडायची, एवढंच. निसर्गसंरक्षणाच्या कायद्यात आणखी एक ओळ आहे. मोकळ्या रानात रस्ते आणि वाटा यांच्याखेरीज 'वापरात नसलेल्या जमिनी'वरूनही चालता येतं. आपल्याकडे पावसाळ्यात कुठे अपघात झाला की जिल्हाधिकाऱ्यांचा मनाईहुकूम निघतो आणि डोंगरच बंद होतो, त्या तुलनेत हा उदारपणा मला फार आवडायचा. फक्त 'वापरात नसलेली' हे कुणी आणि कशावरून ठरवायचं, हा प्रश्न रविवारपर्यंत माझ्या डोक्यात आला नव्हता.

पाइनचं रान टेकडीच्या माथ्यावर लागलं. आपण मंडळी सगळ्याच सूचिपर्णी झाडांना 'ख्रिसमस ट्री' म्हणून मोकळे होतो. आमच्यासोबत एक श्वाबिश, म्हणजे इथल्याच भागातले, आजोबा होते, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत आमची शाळा घेतली. पाइनला त्यांच्या बोलीत 'फोर्खे' म्हणतात. वरचं खोड नारिंगी, सुया जोडीजोडीने. इथली जमीन वालुकाश्माची, रेताड, पाणी न धरणारी. त्या दगडाच्या जर्मन नावात 'श्टुबं', म्हणजे बैठकीची खोली, दडलेली आहे, कारण त्याची वाळू पूर्वी घरातली लाकडी जमीन घासायला विकली जायची. ज्या मातीत दुसरं काही नीट येत नाही तिथे फोर्खे येतं. आणि त्याला ऊन लागतं. दाट सावलीत त्याचं रोप जगत नाही, उघड्या माळावर मात्र वाऱ्याने आलेलं बी भराभर रुजतं.

म्हणून सरळ रांगेत झाडं दिसली तर समजायचं, ही कुणीतरी लावली आहेत. विखुरलेली, कमीजास्त वयाची, खाली काटेरी झुडपं माजलेली दिसली तर तिथे कधीकाळी शेत किंवा कुरण होतं आणि माणसाने हात काढून घेतला. आमच्या राजापूरकडे हेच काम वेगळी झाडं करतात. आधी रानमोडी, मग घाणेरी आणि करवंदीच्या जाळ्या, मग कुडा, आणि पंचवीस-तीस वर्षं कुणी फिरकलं नाही तर ऐन-किंजळ. झाडांची नावं बदलतात, क्रम तोच.

पाइनमधून उतारावर आलो तर पायाखालची जमीन लाटांसारखी वरखाली व्हायला लागली. आजोबा थबकले. जुन्या काळी नांगर दर वेळी माती पट्ट्याच्या मधोमध ढकलायचा, पिढ्यान्‌पिढ्या तसं करून पट्टा मधे फुगायचा. पुढे शेत सुटलं, वर रान आलं, आणि रानानेच तो आकार सांभाळला. नैर्ऋत्य जर्मनीच्या जंगलांत असे वरंबे बऱ्याच ठिकाणी सापडतात आणि काही मध्ययुगापर्यंत मागे जातात. हे त्यांतलेच की काय हे आजोबांनी छातीठोकपणे सांगितलं नाही. मोबाइलच्या नकाशावर तिथे नुसता हिरवा रंग होता. आमच्यातला एक दादा त्याच वेळी फोनवर मोठ्याने सांगत होता, "इथे कुणीच कधी आलेलं नाही!" तो उभा होता एका वरंब्यावर.

इथून खाली तो सगळा प्रकार सुरू झाला ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. आधी गडगा लागला. दुसरा शब्द मला सुचत नाही, कारण तो गडगाच होता. चुना-माती न घालता रचलेले दगड, शेवाळलेले, मधेच ढासळलेले. एकाखाली एक तीन पायऱ्या. कधीकाळी इथे द्राक्षं असणार. रेम्स आणि नेकारच्या उतारांवर द्राक्षमळे आजच्याहून खूप पसरलेले होते. एकोणिसाव्या शतकापासून आलेल्या बुरशी-किडींनी आणि पुढे स्वस्त वाइनने कित्येक मळे संपवले, आणि त्या जागी लोकांनी सफरचंद-नाशपातीची उंच झाडं लावली. झाडांखाली गवत, गवतावर गुरं, फळांची 'मोस्ट' नावाची आंबट दारू. या राज्यात 1965 साली अशी सुमारे 1 कोटी 80 लाख झाडं मोजली होती. 2020 च्या सुमाराला उरली होती 71 लाखांच्या आसपास. 2021 मध्ये या फळझाडांच्या कुरणांची परंपरा जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेली. यादीत जाणं ही बरेचदा आजारपणाचीच खूण असते, असं माझं आपलं मत.

झाडांवर बांडगुळं लोंबत होती. छाटणी करणारा हात गेला की बांडगूळ येतं, आंब्यावर येतं तसं सफरचंदावरही. खाली गवतात फळांचा खच, अर्धी कुजलेली, आंबूस वास. एका ताईंनी पिशवी काढली. "मुरंबा होईल हो, वाया चाललंय सगळं." आजोबांनी मान हलवली. खाली पडलेलं फळसुद्धा झाडाच्या मालकाचं. मालकाला कुणी घेतलं तर चालणार असेल तर तो खोडाला पिवळी फीत बांधतो, अशी मोहीम बऱ्याच भागांत चालते. या झाडांना फीत नव्हती. ताईंनी पिशवी घडी करून ठेवली, पण चेहरा काही सरळ झाला नाही. "मालक आहे कुठे पण?" त्यांनी विचारलं.

आजोबांचं उत्तर असं. या उतारावरची पट्टी आठ-दहा मीटर रुंद असेल, लांबी मात्र थेट ओढ्यापर्यंत. कारण जुन्या व्युर्टेम्बेर्गात वारसाहक्काची पद्धत समान वाटणीची होती. बाप गेला की प्रत्येक मुलामुलीला प्रत्येक शेतातला वाटा. चार पिढ्यांत शेताची पट्टी झाली, पट्टीची चिंधी. उत्तरेला होएनलोएकडे जा, तिथे शेत एकाच वारसाकडे जायचं, म्हणून तिथे अजून मोठी शेतं आणि मोठी घरं. इकडे एका कुटुंबाला पुरेल एवढी जमीन कुणाकडेच उरली नाही. माणसं अमेरिकेला गेली, रशियाला गेली, आणि कारखाने आल्यावर स्टुटगार्टला. दिवसा यंत्रावर, संध्याकाळी आणि शनिवारी आपल्या पट्टीवर. त्या पट्टीला श्वाबिश नाव आहे 'श्ट्युकले'. श्ट्युक म्हणजे तुकडा, ले म्हणजे लहानसा.

मला हसू आलं, कारण आपल्याकडे 1947 पासून तुकडेबंदीचा कायदा आहे आणि तुकडे काही थांबले नाहीत.

जाता जाता एक विषयांतर. आत्ता ज्या कानस्टाट जत्रेत आपली मंडळी ग्लास उंचावून फोटो काढतात, ती सुरू झाली 1818 साली. आपल्याला 1818 म्हटलं की पेशवाईचा शेवट आठवतो. इथे त्याआधीची दोन-तीन वर्षं दुष्काळाची होती. 1815 मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्यातलं गंधकाचं धुकं आभाळात राहिलं, 1816 चा उन्हाळा उजाडलाच नाही आणि पिकं पावसात सडली. उपासमार ओसरल्यावर राजा पहिला विल्हेल्म याने शेतीला उठाव यावा म्हणून कृषिमेळा भरवला, तीच ही जत्रा. मैदानाच्या मधोमध फळाधान्यांनी सजवलेला खांब अजून उभा करतात. बियरच्या तंबूत जाताना आपण त्याला वळसा घालतो.

आता 'एक्सप्लोअर'शी माझं भांडण. पडीक जमिनीला आपण 'ओसाड' म्हणतो आणि ओसाड म्हटलं की ती कुणाचीच नाही असं धरून चालतो. तिचे फोटो सुंदर येतात. मला वाटतं, गावं दोन तऱ्हांनी उठतात आणि आपल्याला त्यातली एकच दिसते. स्टुटगार्टपासून गाडीने तासाभरावर श्वाबिश आल्बच्या पठारावर ग्रुओर्न नावाचं गाव होतं. म्युनसिंगेनचं लष्करी सरावक्षेत्र वाढवायचं म्हणून 1937 ते 1939 मध्ये ते हुकूम काढून रिकामं केलं. उरली चर्च आणि शाळेची इमारत. 2005 मध्ये लष्कर गेलं, आता तिथे मेंढ्या चरतात आणि पर्यटक जातात, मात्र आखलेल्या वाटा सोडायच्या नाहीत, कारण मातीत न फुटलेले गोळे आहेत. आपल्याकडे बामणोलीहून लाँचने वासोट्याला जाताना मेट इंदवली हे उठवलेलं गाव लागतं, तिथेही जोती आहेत आणि माणसं नाहीत. अशा गावांना निदान दुःखाचा मान मिळतो. ग्रुओर्नची माणसं नंतर पेंटेकोस्टच्या सणाला त्या चर्चपाशी जमत राहिली. विस्थापितांची संघटना असते, तारीख असते, कुणावर तरी राग धरता येतो.

श्ट्युकलेला तारीख नसते. एका वर्षी गुडघे दुखतात म्हणून छाटणी राहते. पुढच्या वर्षी मुलाला वेळ नसतो. मग नातवाला जागा कुठे आहे हेच ठाऊक नसतं. कुणी हाकललेलं नसतं, म्हणून कुणी रडतही नाही. आजोबांची स्वतःची पट्टी आहे, नोंदवहीत पाच भावंडांची नावं. विकायची तर पाचांच्या सह्या हव्यात आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. "किती झाडं आहेत?" मी विचारलं. "होती," ते म्हणाले.

पावसात आम्ही त्या पट्टीच्या कडेकडेने खाली आलो. शिकाऱ्यांच्या एका मचाणाखाली उभं राहून पोळीचे रोल खाल्ले, वरून पाणी ठिबकतच होतं. इतक्या पावसातही एकाच्या मांडीवर गोचीड निघाली. ज्यांनी अजून गोचिडीच्या मेंदूज्वराची लस घेतलेली नाही त्यांनी ती घ्यावी, हे राज्य जवळजवळ सगळंच धोक्याच्या नकाशात आहे. आडवाटेला जाणाऱ्या गटांना आणखी एक सांगणं आहे. सातआठ जणांहून जास्त नको, आणि त्या भागातलं एक माणूस सोबत हवंच. वाट दाखवायला फोन पुरतो. जमीन वाचून दाखवायला माणूस लागतं. आम्ही अकरा होतो, आणि त्या गवतात आमच्या पावलांची झालेली वाट मला वरून स्पष्ट दिसत होती.

मुंबई आणि स्टुटगार्ट 1968 पासून भगिनी शहरं आहेत. त्याचे करार, शिष्टमंडळं आणि वाइनचे महोत्सव याच सदरात पूर्वी येऊन गेले. खरं नातं मला या उतारावर दिसलं. वाटण्यांनी शेताच्या चिंध्या झाल्या म्हणून श्वाबिश पोरं स्टुटगार्टच्या कारखान्यांत गेली, तशीच आमच्या कोकणातली पोरं मुंबईच्या गिरण्यांत. माझे आजोबा त्यांतले. वरकस जमिनीत नाचणी करायला आजी मागे राहिली होती, ती गेल्यावर नाचणीही गेली.

परतीच्या गाडीत चुलतभावाचा निरोप वाचला. हा महिनाभरातला तिसरा. कुणी गिऱ्हाईक आलंय, काजू लावायचे म्हणतंय, बहिणींनी हक्कसोड लिहून दिली तर काम सोपं होईल. सोबत सातबाऱ्याचा फोटो होता. मी ओल्या बोटाने तो मोठा करून नावं मोजली, सतरा निघाली. त्यांतली तिघं हयात नाहीत, एका आत्याचा पत्ता कुणालाच ठाऊक नाही, आणि पिकाच्या रकान्यात 'गवत पड' लिहिलेलं आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही. त्या जमिनीवर मी शेवटची गेले ती 2011 च्या मे महिन्यात. गडगा तेव्हाच एका बाजूने पडला होता.