ही वेगळी पाठवणी

मैत्रिणींनो, पीएच.डी. करणारी लेक सहा महिने परदेशातल्या कंपनीत जाणार म्हटलं, की घरात पहिला प्रश्न येतो, 'म्हणजे शिक्षण सोडलं का?' नाही हो! युरोपियन संघाच्या 'मारी क्युरी' योजनेत अशी देवाणघेवाण रीतसर चालते. विद्यापीठातली संशोधक दुसऱ्या देशातल्या कंपनीत महिनाभरापासून वर्षभरापर्यंत काम करते आणि परत आपल्या जागी येते. प्रयोगशाळेत चिमूटभर जमलेलं औषध मणभर करायला घेतलं की काय बिघडतं, ते कंपनीतच कळतं. हा मुक्काम तुकड्यातुकड्यांनीही करता येतो. पदरी लहान मूल असेल तर ही सोय फार मोलाची.

तरी 'पोराला कोण बघणार?' हे उरतंच. आणि ते विचारतात फक्त मुलीला! जिच्या नावाची ही योजना, त्या मारीबाईही १८९१ मध्ये पोलंड सोडून पॅरिसला शिकायला गेल्या. १८९७ मध्ये मुलगी झाली, आयरीन. तिला सांभाळायला घरी कोण आलं? सासरे! डॉक्टर होते ते. नातीला त्यांनी वाढवलं. पुढच्याच वर्षी मारीबाई आणि त्यांच्या यजमानांनी पोलोनियम आणि रेडियम शोधलं. आणि नातीला १९३५ मध्ये नोबेल मिळालं.

घरातले आजोबा ही पुरवणी वाचत नसतील, तर आज जरा वाचून दाखवा.