डाग फिकट होतो, वण राहतो
केमिकल पीलच्या आश्वासनांमागील वास्तव

जून २०२४ मध्ये ब्राझीलच्या आरोग्य नियामक संस्थेने आरोग्यविषयक व सौंदर्यविषयक उपचारांत फिनॉलयुक्त उत्पादनांच्या विक्रीवर आणि वापरावर खबरदारीचा उपाय म्हणून बंदी घातली. साओ पावलो येथील एका सौंदर्य केंद्रात फिनॉलचे ‘पील’ करून घेतल्यानंतर एका तरुणाचा मृत्यू झाला होता. पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आपल्या नागरिकांना इशारा दिला. ट्रायक्लोरोॲसेटिक, ग्लायकोलिक, सॅलिसिलिक आणि लॅक्टिक आम्लांची तीव्र द्रावणे वैद्यकीय देखरेखीशिवाय विकत घेऊ नयेत व त्वचेवर लावू नयेत, असे त्यात म्हटले होते.

या दोन्ही घटना भारतापासून दूर घडल्या असल्या, तरी त्यांतील प्रश्न भारताच्या दाराशी आलेला आहे. त्वचेचा वरचा थर आम्लाने सोलून काढण्याचा हा उपचार आज महानगरांतील रुग्णालयांपुरता मर्यादित नाही. लहान शहरांतील सौंदर्य केंद्रांतही तो मिळतो आणि त्याची द्रावणे ऑनलाइन बाजारात घरपोच मागवता येतात. या उपचाराकडे वळणाऱ्यांमध्ये मुरुमांनी चेहऱ्यावर खुणा ठेवलेल्या तरुण-तरुणींचा भरणा मोठा आहे. त्यांना दिले जाणारे आश्वासन मात्र शास्त्राच्या कसोटीवर पुरते उतरत नाही.

डाग आणि वण यांतील फरक

मराठी भाषेने हा भेद पूर्वीच केलेला आहे. त्वचेचा रंग बदलतो तो डाग. जखम भरून आल्यावर त्वचेची घडणच बदलते तो वण. देवीच्या रोगाने चेहऱ्यावर जे ठेवले त्याला लोकांनी वणच म्हटले. जाहिरातींच्या भाषेत मात्र हे दोन्ही शब्द एकच होऊन जातात आणि ग्राहकाची फसगत तेथूनच सुरू होते.

मुरूम बरा झाल्यावर उरणारा तपकिरी किंवा काळसर डाग म्हणजे दाहानंतर साचलेले रंगद्रव्य. त्याचा बराच भाग त्वचेच्या वरच्या थरात असतो. सौम्य पीलच्या काही आवर्तनांनी तो थर झपाट्याने बदलतो आणि डाग फिकट होतो. या कामी पील उपयुक्त आहे, हे नि:संशय.

खड्डेवजा वणांची गोष्ट निराळी आहे. तेथे मुरुमाच्या दाहाने आतल्या थरातील कोलॅजन नष्ट झालेले असते. त्वचारोगतज्ज्ञ या वणांचे ढोबळमानाने तीन प्रकार मानतात: टोच्याने टोचल्यासारखे अरुंद व खोल, उभ्या कडांचे पेटीसारखे, आणि लाटांसारखे रुंद व उथळ. वरचा थर कितीही वेळा सोलला, तरी खालची झीज भरून निघत नाही. फार तर त्वचा एकसारखी दिसू लागते आणि खड्ड्याची सावली थोडी कमी भासते.

आम्ल किती खोल जाते

पीलचा परिणाम आम्लाच्या नावापेक्षा त्याच्या खोलीवर ठरतो. ग्लायकोलिक आम्ल साधारणतः २० ते ७० टक्के, तर सॅलिसिलिक आम्ल २० ते ३० टक्के तीव्रतेचे वापरले जाते. त्यांचा परिणाम मुख्यतः वरच्या थरापुरता राहतो. ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल ३५ टक्क्यांच्या आसपास आतल्या थराच्या वरच्या भागापर्यंत पोहोचते. फिनॉल त्याहून खोल जाते. ते रक्तात शोषले जाऊन हृदयाचे ठोके बिघडवू शकते, म्हणून ते वापरताना हृदयावर यंत्राने लक्ष ठेवावे लागते.

बाटलीवरील टक्केवारीही पूर्ण माहिती देत नाही. द्रावणाचा पीएच जितका कमी, तितके त्याच टक्केवारीचे आम्ल अधिक प्रखर. अमेरिकेतील सौंदर्यप्रसाधन घटकांच्या तज्ज्ञ समितीने घरगुती वापराच्या उत्पादनांत ग्लायकोलिकसारख्या आम्लांचे प्रमाण १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच किमान ३.५ असावा, असे सुचविले ते याच कारणाने. शिवाय ग्लायकोलिक आम्ल ठरल्या वेळी निष्प्रभ करावे लागते. ते आपोआप थांबत नाही. घरी आरशासमोर बसलेल्या व्यक्तीला हा क्षण ओळखता येईलच, याची शाश्वती नाही.

जेथे आम्ल वणावर चालते

आम्लाचा वणांवर काहीच उपयोग नाही, असा निष्कर्ष मात्र चुकीचा ठरेल. २००२ मध्ये दक्षिण कोरियातील डॉक्टरांनी एक वेगळी पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात संपूर्ण चेहऱ्याला आम्ल लावले जात नाही. टोकदार काडीने ६५ किंवा १०० टक्के ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल केवळ वणाच्या तळाशी टेकवले जाते. तेथील ऊतक पांढरे पडते, पुढील काही आठवड्यांत नवे कोलॅजन तयार होते आणि खड्डा हळूहळू वर येतो. आजूबाजूची निरोगी त्वचा शाबूत राहत असल्याने जखम लवकर भरते.

अरुंद व खोल वणांसाठी ही पद्धत भारतातही वापरली जाते. परंतु ती आवर्तनांची आहे, आणि थेंब जरासा पसरला तर खड्डा रुंदावण्याचा धोका असतो. लाटांसारख्या वणांना खालून खेचून धरणारे तंतू सुईने सोडवावे लागतात. पेटीसारख्या वणांसाठी सूक्ष्म सुयांचा उपचार, लेझर किंवा छोटी शस्त्रक्रिया यांचा विचार होतो. एकाच चेहऱ्यावर तिन्ही प्रकारचे वण असतात, म्हणून प्रामाणिक उपचार बहुधा मिश्र असतो, काही महिने चालतो आणि त्याचे फळ ‘सुधारणा’ असते, ‘निर्मूलन’ नव्हे.

सावळ्या त्वचेची किंमत

त्वचेच्या रंगावरून केलेल्या सहा गटांच्या प्रचलित वर्गीकरणात बहुसंख्य भारतीय चौथ्या व पाचव्या गटात मोडतात. ही त्वचा उन्हापासून अधिक संरक्षण देते, पण कोणत्याही इजेला रंगद्रव्याने उत्तर देते. आम्ल थोडे अधिक खोल गेले, पीलनंतर ऊन लागले किंवा सुटणारी खपली नखाने काढली, की जो डाग घालवायचा होता त्याहून गडद डाग उमटतो. तो जाण्यास अनेक महिने लागतात. म्हणूनच उपचारापूर्वी काही आठवडे त्वचेची तयारी करून घेणे आणि नंतर उन्हापासून काटेकोर संरक्षण करणे हा उपचाराचाच भाग मानला जातो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही प्रशिक्षित डॉक्टर, पूर्वतयारी आणि लेखी संमती यांवर भर आहे.

ज्यांच्या जखमा भरताना फुगून येतात, अशांचा धोका आणखी वेगळा आहे. अशा व्यक्तीच्या त्वचेवर खोल पील करणे म्हणजे नव्या वणाला निमंत्रण देणे होय. डॉक्टर हा इतिहास विचारतो. ऑनलाइन मागवलेली बाटली तो विचारीत नाही.

भाजलेल्या चेहऱ्यांना दिलेली आशा

या विषयाची सर्वांत गंभीर बाजू भाजल्याच्या आणि आम्लहल्ल्याच्या वणांची आहे. त्वचा सोलल्यानंतर ती पुन्हा भरून येते ती प्रामुख्याने केसांच्या मुळांतील व ग्रंथींतील पेशींमधून. खोल भाजलेल्या जागी हीच मुळे नष्ट झालेली असतात. तेथे पुन्हा आम्ल लावल्यास जखम चिघळण्याची आणि वणावर वण चढण्याची भीती असते. अशा रुग्णांना गरज असते ती आक्रसलेली त्वचा मोकळी करणाऱ्या शस्त्रक्रियेची, त्वचारोपणाची, सिलिकॉनच्या पट्ट्यांची, वणात द्यावयाच्या इंजेक्शनांची व काही वेळा लेझरची.

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दुकानांतील आम्लविक्रीवर निर्बंध घातले आणि पीडितांना किमान ३ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने आम्लहल्ला पीडितांना दिव्यांगांच्या व्याख्येत आणले. वर्षानुवर्षे चालणाऱ्या शस्त्रक्रियांपुढे ही मदत तोकडी पडते, आणि थकलेल्या कुटुंबाला ‘काही बैठकांत चेहरा पूर्ववत’ अशी जाहिरात मोहात पाडू शकते. तेथे फसवणूक केवळ पैशांची राहत नाही.

कायदा आहे, रेषा पुसट आहे

कायद्यांची वानवा नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यानुसार नोंदणीविना वैद्यकीय व्यवसाय केल्यास १ वर्षापर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सौंदर्यप्रसाधनांसाठी २०२० चे स्वतंत्र नियम आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. अडचण आहे ती सीमारेषेची. चेहरा उजळविणे हे सौंदर्यकाम आणि वण बरा करणे हा वैद्यकीय उपचार, असे मानले तरी एकच बाटली दोन्हीकडे वापरली जाते. तपासणी यंत्रणा राज्यांच्या हाती आहे आणि तक्रार बहुधा इजा झाल्यावरच पुढे येते.

आणखी एका गोष्टीचा परामर्श घेणे आवश्यक आहे. भीतीपोटी आवश्यक उपचार लांबविणे हेही हिताचे नाही. मुरुमांवरील आयसोट्रेटिनोइन या औषधानंतर सहा महिने कोणताही पील करू नये, असा दंडक अनेक वर्षे पाळला जात असे. २०१७ मध्ये अमेरिकी तज्ज्ञांनी उपलब्ध पुरावे तपासून वरवरच्या पीलसाठी एवढा विलंब आवश्यक नसल्याचे मत मांडले. म्हणजेच सावधगिरीही पुराव्यावर आधारलेली असावी लागते, आणि ते तपासण्यासाठी डॉक्टरच लागतो.

वण टाळण्याचा सर्वांत स्वस्त व खात्रीचा मार्ग अद्यापही मुरूम वेळीच बरा करणे हाच आहे. तो मार्ग चुकलाच, तर पहिला प्रश्न ‘कोणता पील’ हा नसून ‘हा डाग आहे की वण’ हा असावयास हवा. त्याचे उत्तर देण्यापूर्वीच जो बाटली उघडतो, त्याच्या हाती चेहरा सोपविणे धोक्याचे आहे.