स्मरण नको, प्रयोग हवा

सोनाळ्याच्या शेजारी असलेल्या जळगाव-जामोदचे नाव मराठी रंगभूमीच्या इतिहासात नोंदले गेले, ते तेथे वकिली करणाऱ्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांमुळे. ‘मूकनायक’सारखी संगीत नाटके लिहिणाऱ्या या विनोदी लेखकाचा या भागाला अभिमान वाटतो, आणि तो रास्तही आहे. परंतु ज्या स्त्रीने कोल्हटकरांना गुरुस्थानी मानून स्वतः नाटक लिहिले, तिचे नाव या अभिमानात क्वचितच मिसळते. ते नाव हिराबाई पेडणेकर यांचे.

हिराबाईंचा जन्म १८८५ साली सावंतवाडीचा, गाण्यावर उपजीविका करणाऱ्या नायकिणींच्या समाजातला. मुंबईत त्यांनी शिक्षण घेतले, भास्करबुवा बखल्यांकडे गायन शिकले आणि कविता लिहिल्या. १९०४ मध्ये ‘जयद्रथ विडंबन’ आणि पुढे ‘संगीत दामिनी’ ही नाटके त्यांनी रचली. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श मंडळीने १९१२ मध्ये ‘दामिनी’ रंगभूमीवर आणले. स्त्रीच्या भूमिकाही पुरुषच करीत होते, असा तो काळ. त्या काळात एका स्त्रीने लिहिलेली पदे भरल्या नाट्यगृहात गायिली गेली, ही घटना लहान नव्हे. पुढे हिराबाई मुंबई सोडून गुहागरजवळच्या पालशेतला जाऊन राहिल्या आणि १९५१ साली तेथेच त्यांचे निधन झाले. १९७६ मध्ये वसंत कानेटकरांनी त्यांच्या जीवनावर ‘कस्तुरीमृग’ हे नाटक लिहिले. हिराबाईंचे दुःख अशा रीतीने रंगमंचावर आले. परंतु त्यांचे शब्द आणि त्यांची पदे मात्र ग्रंथालयाच्या कपाटातच राहिली.

हा अनुभव केवळ मराठी मुलखाचा नाही. हिराबाईंनंतर दोनच वर्षांनी, १८८७ मध्ये, अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात फ्लॉरेन्स प्राइस या कृष्णवर्णीय संगीतरचनाकार स्त्रीचा जन्म झाला. १९३३ मध्ये शिकागोच्या नामांकित वाद्यवृंदाने तिची सिंफनी वाजवली. १९३४ मध्ये तिने पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे एकटा पियानो आणि संपूर्ण वाद्यवृंद यांच्या संवादातून उभी राहणारी दीर्घ रचना, पूर्ण केली आणि स्वतः पियानोवर बसून ती सादर केली. त्याच वर्षी तिची तरुण सहकारी मार्गारेट बाँड्स हिने शिकागोच्या स्त्रियांच्या वाद्यवृंदासह ती वाजवली. या रचनेच्या अखेरच्या भागात ‘जुबा’ नृत्याचा ताल आहे. ढोल वाजवण्याची बंदी असलेल्या गुलामांनी हाता-पायांनी आणि अंगावर थापा मारून जो ताल जिवंत ठेवला, तोच हा ताल.

एवढे होऊनही प्रस्थापितांचे दरवाजे उघडले नाहीत. १९४३ मध्ये प्राइसने बोस्टनच्या विख्यात संगीतसंचालकांना पत्र लिहिले. आपण स्त्री आहोत आणि आपल्या अंगात काळ्यांचे रक्त आहे, या आपल्या दोन अडचणी तिने आरंभीच सांगून टाकल्या आणि आपल्या रचनेची पारख केवळ गुणांवर व्हावी एवढेच मागितले. त्या संचालकांनी तिची रचना कधीच वाजवली नाही. १९५३ मध्ये ती वारली. कॉन्चेर्टोची वाद्यवृंदासाठीची मूळ संहिता गहाळ झाली. २००९ मध्ये इलिनॉयमधील एका ओसाड घरात तिच्या हस्तलिखितांचे ढीग सापडले. २०११ मध्ये त्या कॉन्चेर्टोची वाद्यवृंदरचना उपलब्ध पियानो-प्रतींच्या आधारे नव्याने सिद्ध करून तो वाजवण्यात आला, आणि त्यानंतर जगभरचे वाद्यवृंद तिच्या रचना आपल्या कार्यक्रमांत घेऊ लागले.

जात आणि वर्ण हे दोन अन्याय एकच नव्हेत, त्यांचे इतिहास निराळे आहेत. परंतु कलाकृती विस्मरणात ढकलण्याची रीत दोन्हीकडे सारखीच दिसते. कृतीचा निषेध कोणी करीत नाही, तिच्यावर बंदीही घालीत नाही. ती फक्त सादर केली जात नाही. चित्र भिंतीवर टांगले की ते दिसत राहते. नाटक आणि संगीत मात्र प्रयोगाविना मरतात. प्रयोग करावयाचा की नाही हा निर्णय नाट्यगृह, निधी आणि मंडळी ज्यांच्या हाती आहेत त्यांचा असतो. म्हणून विस्मरण हा कालौघाचा नियम नव्हे. तो अनेक लहान लहान निर्णयांचा हिशेब आहे.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. ‘दामिनी’ जुन्या वळणाचे नाटक आहे, त्याची भाषा आज चालणार नाही, गुणवत्ता पाहिली पाहिजे, असे म्हटले जाते. गुणवत्ता अवश्य पाहावी. परंतु कोल्हटकरांची नाटके तरी आजच्या वळणाची कोठे आहेत? त्यांचे गुणदोष ठरले ते प्रयोगांनंतर, प्रेक्षकांसमोर. तीच संधी हिराबाईंच्या कृतीला नाकारून आधीच निकाल देणे, याला समीक्षा म्हणत नाहीत. प्राइसही दयेची याचना करीत नव्हती. ती परीक्षेचीच मागणी करीत होती.

म्हणून पुण्यतिथीचा हार आणि ‘आद्य स्त्री-नाटककार’ ही पदवी एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. राज्य शासन संगीत नाटकांच्या स्पर्धा भरवते. त्या निमित्ताने उपेक्षित स्त्री-नाटककारांच्या संहिता उभ्या करणाऱ्या संस्थांना स्वतंत्र अर्थसाहाय्य द्यावे. विद्यापीठांनी ‘दामिनी’ची संहिता स्वस्त आवृत्तीत उपलब्ध करून द्यावी आणि तिच्या पदांच्या चालींची स्वरलिपी सिद्ध करून घ्यावी. सोनाळा, संग्रामपूर, जळगाव-जामोद या पट्ट्यातील शाळा-महाविद्यालयांनी स्नेहसंमेलनात एक प्रवेश बसवला, तरी तो आरंभ ठरेल. त्यासाठी भव्य नेपथ्य लागत नाही. एक पेटी, एक तबला आणि गाणाऱ्या मुली पुरेशा आहेत.

कोल्हटकरांच्या भूमीत त्यांच्या या शिष्येची पदे गायिली जावीत, आणि ज्या भूमिका १९१२ मध्ये पुरुषांनी केल्या त्या आता मुलींनी कराव्यात. हिराबाईंवर आजवर पुष्कळ बोलून झाले आहे. आता हिराबाईंना बोलू द्यावे.