विनवणीची बाजू

रामटेकचा डोंगर म्हणजेच ‘मेघदूता’तला रामगिरी, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडलं आणि विदर्भाने ते आपलंसं केलं. त्या डोंगरावर शापामुळे पत्नीपासून वर्षभर दुरावलेला यक्ष आषाढातल्या ढगाला गळ घालतो. अलकेची वाट सांगतो, निरोप सांगतो, आणि सगळं सांगून झालं तरी ढग गप्पच असतो. यक्षाला त्या गप्प राहण्यात नकार दिसत नाही. चातकांनी मागितलं की तू काही न बोलताच पाणी देतोस, तसंच हेही, अशी तो मनाची समजूत घालतो. काव्य म्हणून या जागेला तोड नाही. याचना म्हणून मात्र तिच्यात एक उणीव आहे: ढगाला ‘नाही’ म्हणण्याची सोयच नाही. वाफ, वारा आणि उजेडाच्या त्या पुंजक्यापुढे केलेलं आर्जव अखेर स्वतःशीच केलेलं बोलणं ठरतं. बायबलमधली विनवणी ज्याला खरोखर ‘नाही’ म्हणता येतं अशाच्या समोर उभी असते. तिच्यावर घेतले जाणारे बहुतेक आक्षेप एवढी एकच गोष्ट नजरेआड केल्यामुळे उभे राहतात, असं माझं म्हणणं आहे.

हुकूम सोडणाऱ्याला समोरच्याची इच्छा विचारात घ्यावी लागत नाही. सौदा करणारा किंमत मोजतो आणि मग माल हक्काने मागतो. विनवणी करणाऱ्याच्या हातात यातलं काहीच नसतं. तो आपली निकड सांगतो, कारणं देतो, नात्याची आठवण करून देतो, पुन्हा पुन्हा सांगतो. पण निर्णय समोरच्याचा आहे, हे त्याने बोलायला सुरुवात करतानाच मान्य केलेलं असतं. दुसऱ्याचं स्वातंत्र्य मानूनही त्याच्याकडे आग्रह धरणं, असा विनवणीचा अर्थ मी घेतो. आता आक्षेप पाहू.

पहिला आक्षेप विचारवंतांचा. देव सर्वज्ञ असेल, तर त्याला सांगायचं काय? आणि तो भला असेल, तर त्याला मनवायचं कशाला? हा प्रश्न खुद्द येशूच्या डोंगरावरील प्रवचनातच दडलेला आहे. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने नारायण वामन टिळकांना नवा करार दिला आणि त्यातल्या याच प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. या प्रवचनात येशू सांगतो की प्रार्थनेत शब्दांची वटवट करू नका, तुमची गरज तुम्ही मागण्याआधीच पित्याला ठाऊक असते. आणि तोच येशू थोड्या वेळाने म्हणतो की मागा, शोधा, दार ठोठावा. वरवर पाहता हा उघड विरोध आहे. पण पित्याला सगळं ठाऊक आहे म्हटल्यावर येशू लगेच पुढे काय शिकवतो ते पाहावं. तो प्रभूची प्रार्थना शिकवतो, आणि तिच्यात रोजची भाकरसुद्धा मागायला सांगतो. म्हणजे देवाला ठाऊक आहे म्हणून मागूच नका, असा निष्कर्ष तो काढत नाही. लांबण लावू नका, एवढंच तो सांगतो. विनवणी ही देवाला माहिती पुरवण्यासाठी असते, हे आक्षेपाचं गृहीतकच येशूने काढून टाकलं आहे. आईला मुलाची भूक कळते, तरी मुलाने ‘आई, भूक लागली’ म्हणण्याला घरात अर्थ असतो.

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टिनने प्रोबा नावाच्या विधवेला लिहिलेल्या पत्रात हाच प्रश्न घेतला आहे. त्याचं उत्तर थोडक्यात असं, की मागण्याने आपली इच्छा घडते आणि देव जे देणार आहे ते घेण्याची आपली ताकद वाढते. पुष्कळ धर्मपंडित इथेच थांबतात: प्रार्थनेने देव बदलत नाही, माणूस बदलतो. हे उत्तर मला अर्धं वाटतं, कारण बायबल याहून धीटपणे बोलतं. सोन्याच्या वासराची पूजा झाल्यावर देव इस्राएलाचा नाश करायला निघतो आणि मोशे आडवा येतो. मिसरी लोक काय म्हणतील, अब्राहामाला दिलेल्या वचनाचं काय, असा युक्तिवाद तो करतो, आणि निर्गमाच्या 32 व्या अध्यायात स्पष्ट लिहिलं आहे की देवाने आपला विचार बदलला. देव माणसासारखा मन पालटत नाही, असं सांगणारी वचनंही बायबलमध्ये आहेत, हे मला मान्य आहे. हा ताण ग्रंथाने मिटवलेला नाही आणि मीही मिटवू पाहत नाही. पण यिर्मयाच्या ग्रंथातली एक जागा मला निर्णायक वाटते. या लोकांसाठी प्रार्थना करू नकोस, त्यांच्यासाठी रदबदली करू नकोस, असं देव यिर्मयाला एकदा नाही, अनेकदा बजावतो. ज्या बोलण्याचा काही परिणामच होत नाही त्याला कोणी मनाई करत नाही. ज्या अर्थी मनाई आहे, त्या अर्थी विनवणीला वजन आहे.

दुसरा आक्षेप स्वाभिमानाचा आहे, आणि नागपूरच्या परिसरात तो हलक्याने घेताच येणार नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. देवापुढे हात पसरण्याची सवय माणसाला माणसापुढेही वाकायला शिकवते, ही जाणीव त्या वाटेने इथल्या घराघरांत पोचली. हक्क भीक मागून मिळत नाहीत, हा धडा या भूमीने मोठी किंमत देऊन घेतलेला आहे. त्याच्याशी माझा वाद नाही. उलट बायबलची साक्ष त्याच बाजूची आहे. मोशे फारोकडे जातो तेव्हा तो दया मागायला गेलेला नसतो. माझ्या लोकांना जाऊ दे, हा देवाचा हुकूम तो फारोच्या तोंडावर सांगतो. पीडा आल्यावर पाळी फारोवर येते, आणि माझ्यासाठी तुमच्या देवाची विनवणी करा, असं तोच मोशेला म्हणतो. अत्याचारी सत्तेपुढे मागणी आणि न्यायी देवापुढे विनवणी, हा भेद मोशेने एकदाही पुसलेला नाही. ज्याला देवापुढे असं मोकळं बोलण्याची सवय झाली, त्याला राजाचं भय कमीच वाटतं.

शिवाय बायबलमधले विनवणी करणारे लोक वाकलेले दिसत नाहीत, ते वाद घालतात. अब्राहाम सदोमासाठी पन्नास नीतिमानांपासून सुरुवात करतो आणि एकेक पायरी उतरत दहांवर येतो. सगळ्या पृथ्वीचा न्यायाधीश अन्याय कसा करील, असं देवालाच विचारतो. ईयोबाला आपला खटला देवासमोर चालवायचा आहे. लूकच्या अठराव्या अध्यायातली विधवा अन्यायी न्यायाधीशाकडे खेटे घालून घालून त्याला हैराण करते, आणि येशू तिचंच उदाहरण देतो. सर्वांत धारदार प्रसंग मार्कच्या सातव्या अध्यायात आहे. एक परकी, सुरोफेनिकी बाई मुलीसाठी येशूच्या पायांवर पडते. मुलांची भाकर कुत्र्यांना घालणं बरं नव्हे, असं कठोर उत्तर तिला मिळतं. ती ना रागावून निघून जाते, ना गप्प बसते. टेबलाखालची कुत्रीही मुलांचा चुरा खातातच की, असं म्हणत ती त्याचंच वाक्य त्याच्यावर उलटवते. या बोलण्यामुळेच जा, असं येशू तिला म्हणतो, आणि मुलगी बरी होते. शुभवर्तमानांत येशूशी वाद घालून जिंकलेलं दुसरं माणूस शोधून सापडणार नाही. याला लाचारी म्हणायचं असेल, तर रामदासांच्या करुणाष्टकांना आणि विठ्ठलाशी भांडणाऱ्या तुकोबांनाही लाचार म्हणावं लागेल. टिळकांनी पुढे ख्रिस्ताला अभंगांतून आळवलं ते याच घरच्या बोलीत.

तिसरा आक्षेप म्हणजे विनवणी हा नवसाचाच एक प्रकार आहे. हा आक्षेप अर्धा खरा आहे, कारण बायबलमध्येही नवस आहेत. विजय मिळाला तर घराच्या दारातून प्रथम जे बाहेर येईल ते अर्पण करीन, असा नवस इफ्ताहाने केला आणि प्रथम बाहेर आली ती त्याची एकुलती एक मुलगी. ही कथा नवसाच्या सौद्यावरचा भयंकर अभियोग आहे. तिच्यासमोर मूल नसलेल्या हन्नाला उभं करावं. शिलो इथल्या मंदिरात ती रडत प्रार्थना करते. सवत पनिन्नाने वर्षानुवर्षं डिवचलेलं, नवरा एलकाना म्हणतो मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का, आणि दाराच्या खांबापाशी बसलेला याजक एली तिचे ओठ पाहतो आहे. ओठ हलतात, आवाज नाही. बाई प्यालेली आहे असं त्याला वाटतं. ती त्याला शांतपणे सांगते की मी प्यालेली नाही, मी माझं मन देवापुढे ओतते आहे. तिने नवस केला हे खरं, पण त्यात मिळालेला मुलगाच ती देवाला देऊन टाकते. सौद्यात मिळकत हाती राहावी लागते, इथे ती राहतच नाही. आणि हा मुलगा, शमुवेल, पोटात येण्याच्या आधीच, मन ओतून झाल्यावर, तिचा चेहरा उतरलेला राहिला नाही, असं ग्रंथ सांगतो.

सर्वांत जास्त नुकसान मात्र घरच्याच आक्षेपाने होतं. काही चंगाई सभांमधून आज शिकवलं जातं की विश्वास असेल तर एकदाच मागा, पुन्हा मागणं हा अविश्वास. आजाराला आज्ञा करा, आशीर्वादावर हक्क सांगा. आणि बरं वाटलं नाही तर तुमचाच विश्वास तोकडा. ही शिकवण दुखण्याने पिचलेल्या माणसाच्या माथी अपराधही मारते, म्हणून तिचं खंडन नुसतं पांडित्य म्हणून करायचं नाही. पौलाने आपल्या देहातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही; माझी कृपा तुला पुरे, एवढं उत्तर मिळालं. गेथशेमानेत खुद्द येशूने प्याला दूर कर म्हणून पुन्हा पुन्हा मागितलं आणि प्याला टळला नाही. मग या दोघांचाही विश्वास कमी होता का? स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत, आणि 88 वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. तिथला गाणारा यक्षासारखा मौनाला होकार समजत नाही. तू तोंड का लपवतोस, असं तो देवाला विचारतो. देवाला आज्ञा देणारा विश्वास देवाचं स्वातंत्र्य हिरावून घेतो. मंत्राने वश होणारी शक्ती त्याला हवी असते, आणि अशा शक्तीला पिता म्हणता येत नाही.

फ्रान्सिस गॅल्टनने 1872 मध्ये प्रार्थनेच्या परिणामांचा आकडेवारीने शोध घेतला. राजांच्या दीर्घायुष्यासाठी चर्चमध्ये सतत प्रार्थना होतात, तरी ते इतर सुखवस्तू लोकांपेक्षा जास्त जगत नाहीत, असं त्याला आढळलं. त्याचा निष्कर्ष मंत्राला लागू पडतो. विनवणीला नाकारलं जाऊ शकतं, म्हणून तिची टक्केवारी काढता येत नाही. यावर कोणी म्हणेल की मग तुम्ही काहीच सिद्ध करू शकत नाही. बरोबर आहे. विनवणी हा देवाच्या अस्तित्वाचा पुरावा नव्हे, आणि मंचावर चंगाईच्या साक्षी पुरावा म्हणून मांडणारे लोक गॅल्टनचाच खटला मजबूत करतात.

विनवणी माणसाला निष्क्रिय करते, हे म्हणणं पंडिता रमाबाईंच्या महाराष्ट्रात फार वेळ टिकू नये. 1882 साली पुण्यात हंटर आयोगापुढे स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर आणि शिक्षिका हव्यात, अशी बाजू त्यांनी मांडली. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपासमारीने आणि त्याहून वाईट गोष्टींनी वेढलेल्या मुलींना सोडवून घेऊन आल्या. केडगावच्या ‘मुक्ती’ मिशनमधली प्रार्थना आणि ही धावपळ एकाच बाईची होती. ज्याच्यासाठी देवाजवळ शब्द टाकला, त्याच्यासाठी इतर कुठे गप्प बसणं मग जमत नाही.

आता ज्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही ते सांगतो. बायबलमध्ये विनवणी फक्त खालून वर जात नाही. करिंथकरांना पौल लिहितो की देव जणू आमच्या तोंडून विनवणी करतो आहे, देवाशी समेट करा. प्रकटीकरणात ख्रिस्त दाराशी उभा राहून ठोठावतो. दार उघडायचं की नाही ते आतल्याच्या हातात. सर्वसमर्थ देव माणसाला हुकूम न सोडता गळ घालतो, याचा अर्थ माणसाच्या नकाराला त्याने खरा मान दिला आहे. म्हणून धाक किंवा आमिष दाखवून केलेलं धर्मांतर हे ख्रिस्ती विश्वासाच्याच कसोटीवर खोटं ठरतं, आणि ज्याला तसं करावंसं वाटतं त्याने पौलाचं हे वाक्य आधी वाचावं. त्याच न्यायाने, प्रत्येक विनवणीत आमिषच शोधणारेही माणसाच्या ‘हो’ म्हणण्याच्या स्वातंत्र्यावर अविश्वास दाखवतात. आगगाडीत कोणीतरी हातात पुस्तक ठेवलं; टिळकांनी निर्णय घ्यायला दोन वर्षं घेतली.

यावर पौलाने फिलेमोनाला लिहिलेल्या पत्राचा आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. गुलाम अनेसिम याच्यासाठी पौल त्याच्या धन्याला लिहितो की मी आज्ञा करू शकलो असतो, पण प्रीतीपोटी विनंती करतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या गुलामीच्या समर्थकांनी हेच पत्र पळालेल्या गुलामांना परत पाठवण्यासाठी वापरलं. पौलाने थेट हुकूम दिला असता तर बरं झालं नसतं का? मला वाटतं, त्यांनी पत्र पुरतं वाचलं नाही. पौल अनेसिमाला गुलाम म्हणून नव्हे, प्रिय भाऊ म्हणून स्वीकारायला सांगतो. त्याच्याकडे काही येणं असेल तर ते माझ्या खात्यावर मांड, मी फेडीन, असं स्वतःच्या हाताने लिहून देतो. मंडळीलाही पत्रात सामील करतो, म्हणजे फिलेमोनाला ते गुपचूप खिशात घालता येऊ नये. आणि शेवटी सांगतो की माझ्यासाठी राहायची खोली तयार ठेव, मी येण्याची आशा धरून आहे.