तेच गाणे, आठ तास

परदेशी असलेल्या लेकीकडून आई परत आली की शेजारणी विचारतात, "काय काय पाहिलंत?" नायगारा पाहिला, बर्फ पाहिला. पण मला सांगायची आहे ती गोष्ट पाहिलेली नाही, ऐकलेली आहे.

२०२३ च्या ऑक्टोबरात उल्हासनगर कॅम्प एकमधले आमचे बिऱ्हाड ह्यांच्या स्वाधीन करून मी टोरांटोजवळ मिसिसागाला गेले. लेकीने कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात नोकरी धरली होती. इथली एम. कॉम., आणि तिथे दिवसभर स्वेटरच्या घड्या घालायच्या नाहीतर गल्ल्यावर उभे राहायचे. असो. तीन वर्षांच्या नातीला सांभाळायला मी.

११ नोव्हेंबरला कॅनडात युद्धात पडलेल्या सैनिकांचा स्मृतिदिन पाळतात. तो होईपर्यंत पुष्कळ दुकाने थांबतात, आणि मग नाताळची गाणी लावतात. त्या वर्षी १२ नोव्हेंबरला आपले लक्ष्मीपूजन होते. लेकीला रजा नव्हती. मी चकल्या केल्या, पणत्या लावल्या, नातीला परकर-पोलके नेसवले. लेक आली, पाया पडली आणि कोपऱ्यात जाऊन बसली. मला वाटले, दमली असेल.

पण पुढे हे रोजचेच झाले. एकदा तिन्हीसांजेला दिवा लावून मी आणि नात शुभंकरोति म्हणत होतो. लेक दारातूनच ओरडली, "आई, प्लीज, बंद कर ना ते!"

काय वाटले म्हणून सांगू! शहाडच्या बिर्ला मंदिरात आरती संपली तरी जिच्या हातचे टाळ सुटत नसत, ती ही पोर. मी गप्प झाले, नातही गप्प झाली. रात्री ह्यांना फोनवर म्हटले, "पोरगी बदलली हो. देवाचं नावसुद्धा सोसवेना झालंय तिला." हे म्हणाले, "जेवली का ती?" पुरुषांना दुसरे सुचत नाही.

डिसेंबरच्या मध्यावर एका संध्याकाळी मी नातीला घेऊन दुकानात लेकीला भेटायला गेले. जावई गाडी घेऊन यायचे होते, ते बर्फात अडकले. आम्ही दोघी चपला-बुटांच्या बाकावर दोन तास बसून राहिलो. पहिली वीस-पंचवीस मिनिटे मजेत गेली. मी पायाने ठेकासुद्धा धरला. मग 'लास्ट ख्रिसमस' नावाचे गाणे लागले. १९८४ सालचे, 'व्हॅम' नावाच्या इंग्रजी जोडीचे. थोड्या वेळाने तेच गाणे एका बाईच्या आवाजात आले. मग नुसत्या वाद्यांवर. दोन तास संपता संपता पहिली जोडी पुन्हा हजर! रुडॉल्फ नावाच्या लाल नाकाच्या हरणाचे गाणे तर नातीला पाठ झाले. हे हरिण जन्मले तेच मुळी दुकानात, हे मला मागाहून कळले. १९३९ साली शिकागोच्या 'माँटगोमेरी वॉर्ड' या दुकानाने नाताळात मुलांना फुकट वाटायला एक पुस्तिका काढली, तिच्यातला तो नायक. गाणे त्यावर दहा वर्षांनी आले.

गाडीत बसल्यावर माझे डोके ठणकत होते. लेक म्हणाली, "आई, तुझे दोन तास झाले. माझे आठ होतात. रोज."

"कानात कापूस घाल की."

"गिऱ्हाईक काय म्हणतं ते ऐकायचं असतं. आणि त्याच स्पीकरवरून आम्हाला हाका येतात, इकडे या, तिकडे जा. म्हणजे कान तिकडेच लावून ठेवायचे. घरी आले की वाटतं, कुणी काही म्हणजे काही म्हणू नये."

बाई गं! आणि मी काय समजून बसले होते!

तिच्याबरोबर वसईकडची एक ख्रिस्ती मुलगी कामाला होती. तिचे दुःख आणखीच वेगळे. 'सायलेंट नाइट' हे नाताळचे गीत १८१८ साली ऑस्ट्रियातल्या एका गावच्या चर्चमध्ये नुसत्या गिटारीवर पहिल्यांदा म्हटले गेले. तेच इथे ढोलाच्या ठेक्यावर, मोजे विकायला. ती मला मराठीत म्हणाली, "काकू, लहानपणी आम्ही वर्षभर या गाण्याची वाट बघायचो. यंदा मध्यरात्रीच्या मिस्साला ते सुरू झालं की माझ्या डोळ्यांपुढे मोजेच येणार."

आपण आरती रोज म्हणतो, जन्मभर म्हणतो, कंटाळा येत नाही. का? आपण ती म्हणतो, आणि संपवतोही आपणच.

दुसऱ्या दिवसापासून मी घरची व्यवस्था बदलली. तुमच्यापैकी कुणाची लेक-सून दुकानात, कारखान्यात, गोंगाटात काम करीत असेल तर करून पाहा. कुकरच्या शिट्ट्या ती येण्याआधी उरकायच्या. मिक्सर सकाळी. दिवा तिन्हीसांजेलाच लावायचा, पण श्लोक नातीला झोपवताना, आतल्या खोलीत, हळू. लेक आली की तासभर काही विचारायचे नाही, "आज काय झालं?" हेसुद्धा नाही. नातीला मी खुणांचा खेळ शिकवला. त्यात ती इतकी रमली की पाणीही खुणेने मागायची. चार-पाच दिवसांनी लेक आपणहून ओट्याशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "चहा टाकतेस?"

सव्वीस डिसेंबरला गाणी बंद झाली. सत्तावीसला बटाटे सोलता सोलता लेक स्वतःच ते 'लास्ट ख्रिसमस' गुणगुणायला लागली! मी तिच्याकडे पाहिले, तिने सोलाणे टाकले, आणि आम्ही दोघी पोट धरधरून हसलो.

त्या देशातही गिऱ्हाइकांनी मनावर घेतले तर होते बरे का. २०१२ साली 'शॉपर्स ड्रग मार्ट' या औषधांच्या दुकानांनी नोव्हेंबर लागताच नाताळची गाणी सुरू केली होती. इतक्या तक्रारी आल्या की त्यांना ती थांबवावी लागली.

फेब्रुवारीत घरी आले. आमच्या बराकीच्या तोंडाशी कपड्यांचे दुकान आहे. दारात भोंगा. "आइए, आइए, दो सौ में तीन," मग गाण्याचे एक कडवे, मग पुन्हा "आइए." पूर्वी मी खिडकी लावून घेत असे आणि दुकानदाराच्या नावाने बोटे मोडत असे. या वेळी नजर गेली ती भोंग्याखाली स्टुलावर बसणाऱ्या पोराकडे. विचारले तर म्हणाला, "काकू, झोपेत पण तेच ऐकू येतं."

शेजारच्या सिंधी भाभींना मी लेकीची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "चलो दीदी, अभी चलते हैं." नियम मी वाचून ठेवले होते. २००० सालचे आहेत. उघड्यावरचा भोंगा रात्री १० ते सकाळी ६ बंद. दिवसा आवाजाची मर्यादा लोकवस्तीत ५५ डेसिबल, बाजारपेठेत ६५. तेच ते किती वेळा वाजवावे याला मात्र नियमांत माप नाही. पण नियमांपर्यंत गोष्ट गेलीच नाही. भाभींनी सेठना सिंधीत काय सुनावले ते मला कळले नाही, एवढे खरे की पोराकडे बोट दोन-तीनदा गेले. सेठ आधी हसले, मग म्हणाले, दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक तसेही नसते.

पहिल्या दिवशी दोन वाजता भोंगा थांबला तेव्हा मी खिडकी उघडली. पोरगा साड्यांच्या गठ्ठ्याला टेकून झोपला होता.